राईस मिलच्या मीटरची साक्ष

दाराकडे काय पाहता, इकडे भिंतीकडे पाहा. लोखंडी पेटीत, काचेमागे लाल ठिपका लुकलुकतोय ना, तो मी. मी एक विजेचा मीटर. गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की जे गाव लागतं, तिथल्या खुशाल मेश्रामच्या राईस मिलचा.

माझ्याकडे पाहून कोणी खूश झालेलं मला आठवत नाही. महिन्यातून एकदा रीडिंगवाला येतो, फोटो काढतो, पाठोपाठ बिल येतं आणि शिव्या मला पडतात. वीज खाते मोटर, बोलणी खातो मी! असू दे, त्याची सवय झाली होती. पण गेल्या दोन वर्षांत याच मिलमध्ये मला चुगलखोर ठरवलं गेलं. ते मात्र माझ्या फार जिव्हारी लागलं, म्हणून आज बोलतोय.

माझं लहानपण सांगण्यासारखं नाही. एका कारखान्यात लांब टेबलावर आम्ही शेकडो भावंडं रांगेनं बसलो होतो. परीक्षा झाली, पास झालो, सील लागलं आणि खोक्यात भरून रवाना. गोंदियाच्या गोदामात काही महिने धूळ खाल्ली. मग एक दिवस लाइनमननं सायकलच्या कॅरिअरला बांधून मला इथं आणलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खुशालभाऊंची खुर्ची, आत धान भरडणाऱ्या हलरची धडधड. घर बरं मिळालं म्हणायचं.

खुशालभाऊ म्हणजे तापट माणूस. आवाज असा की चालू मोटरवरूनही ऐकू यावा. मनानं मात्र लोण्याचा गोळा, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. त्यांचे वडील एका मोठ्या मिलवर हमाल होते. तिथं त्यांच्या वस्तीतल्या बायकांचा धान सगळ्यांच्या शेवटी भरडायचे. दिवसभर उन्हात बसायचं आणि वर पैसेही मोजायचे. म्हाताऱ्यानं पुढं पै पै जोडून ही मिल टाकली आणि एक नियम घातला. घरी खायचा धान घेऊन कोणीही आलं, कोणत्याही जातीचं, तर आल्यापावली भरडून द्यायचा. पैसा घ्यायचा नाही. कोंडा आणि कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, तेवढी मिलकडे राहील.

तो नियम खुशालभाऊंनी जिवापाड पाळला. व्यापाराचा तांदूळ वेगळा. तो खरेदीचा धान, तो ट्रकनं जायचा, त्याची नोंद असायची. पण कोणी बाई डोक्यावर अर्धी चुंगडी, म्हणजे अर्धं पोतं, घेऊन आली की तेवढ्यासाठी अख्खी मिल सुरू. मोटर उठताना जो करंट ओढते तो माझा मला ठाऊक. घाम फुटायचा! दाणे दोन पायल्या आणि माझा ठिपका वेड्यासारखा लुकलुकायचा. बाई पिशवी बदलेपर्यंत पट्टा रिकामाच फिरत राहायचा. वाटायचं, अहो खुशालभाऊ, चार जणींचा धान एकत्र तरी टाका! पण नाही. प्रत्येकीला आपल्याच शेताचा तांदूळ पाहिजे. माझ्या बारीक श्रीराम धानात तुझा जाडा धान मिसळला म्हणून भांडणं व्हायची.

मग ते साहेब आले.

कर खात्याचे दोघं जण, पांढऱ्या गाडीतून. दोघंही सभ्य, आवाज न चढवणारे. आत आल्या आल्या एक जण थेट माझ्यापुढं उभा राहिला आणि आकडा टिपून घेतला. माझ्याकडं एवढ्या आदरानं पहिल्यांदाच कोणी पाहिलं, मी आपला फुशारून गेलो. काय मूर्ख मी!

साहेबांनी खुशालभाऊंना समोर बसवून विचारलं, "मिलमध्ये बाहेरच्या लोकांचा धान भरडता का? त्याचे किती पैसे घेता?"

पैशाचं नाव काढलं आणि खुशालभाऊंचं डोकं फिरलं. "पैसे? कोनाकडून एक पैसा घेत नाई, साहेब. तसला धंदा आपन करतच नाई. बापाचा सबुद हाय."

साहेबांनी लिहून घेतलं, की बाहेरचं भरडाईचं काम होत नाही आणि सगळी वीज स्वतःच्याच मालासाठी वापरली जाते. शेजारी भुपेंद्र बसला होता. हा गोंदियाचा, दहा मिलांचे हिशेब लिहून देणारा. तो म्हणाला, "टाका भाऊ सही, साहेबले उशीर होऊन राहिला." आणि खुशालभाऊंनी न वाचता सही ठोकली.

अहो थांबा! परवाच गीताबाईची चुंगडी भरडली ना? त्याआधी वस्तीतल्या सात जणींची? मी आतून ओरडत होतो. पण मला एवढंच येतं, लुकलुकायचं. वीज किती गेली ते मी बिनचूक सांगतो, कोणासाठी गेली ते माझ्या पाटीवर उमटत नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. खात्यानं माझे आकडे घेतले आणि एवढ्या विजेत किती तांदूळ निघायला पाहिजे याचा हिशेब मांडला. वहीतला तांदूळ निघाला त्याच्या निम्मा. मग उरलेला तांदूळ गेला कुठं? चोरून विकला. कर, व्याज, वर दंडाची नोटीस. मधल्या काळात जाब विचारणाऱ्या नोटिसा आल्या होत्या, पण त्या जायच्या भुपेंद्रच्या मोबाईलवर, आणि भुपेंद्रनं त्या उघडल्याही नव्हत्या. खुशालभाऊंना कळलं ते थेट बँकेत. खातं गोठवलेलं. हमालांची मजुरी काढायला गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

त्या दिवशी ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "चुगलखोर साला," म्हणाले आणि पेटीवर मूठ मारली. काच तडकली नाही, पण मला लागलं हो. मी खोटं बोललो असतो तर गोष्ट वेगळी.

भुपेंद्र आला तो हसतच. "टेन्शन नका घेऊ. आपली वरपर्यंत पहचान हाय. थोडे पैसे सोडा, मिटवून टाकतो."

खुशालभाऊ विचारात पडले. मिल लिलावात निघाली तर बापाला काय तोंड दाखवू, असं काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात सुमनबाई पुढं झाल्या. त्यांच्या घरधनीण. एरवी मिलमध्ये फक्त डबा घेऊन यायच्या.

"चोरी केलीच नाई त मिटवाचं कायले?" त्या म्हणाल्या. "आन तू रे भुपेंद्र, नोटीस आल्या तवा झोपला होतास काय? निघ."

दुसऱ्या दिवशी बस धरून त्या गोंदियाला गेल्या. बचत गटातल्या कोणी एका वकीलबाईचं नाव सांगितलं होतं, दामिनी कटरे, कराच्या अपिलांचं काम करणाऱ्या. अपिलाची मुदत संपायला आली होती. दामिनीताईंनी आधी अपील दाखल केलं, काही रक्कम भरायला लावून वसुलीला स्थगिती मिळवली, खातं मोकळं करून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "आता मला मिल पाहायची आहे."

त्या आल्या, खुर्ची ओढून माझ्याच खाली बसल्या आणि एवढी वीज कशानं गेली ते विचारू लागल्या. जुनी मोटर? गळती? दुसरीकडं वायर? खुशालभाऊ सगळ्याला "नाई" म्हणत राहिले. बाई कपाळाला हात लावून बसल्या. ह्या बाईलाही हे सांगणार नाहीत, आणि मिल जाणार.

तेवढ्यात गीताबाई आल्या. वस्तीच्या पलीकडल्या, एकट्या राहणाऱ्या, जिभेनं तिखट. काखेत अर्धी चुंगडी. "खुशाल, तांदूर सरला गा. भरडून दे."

खुशालभाऊ उठले, स्विच वर केला. मोटर गुरगुरली आणि माझा ठिपका धडधडू लागला. दामिनीताईंनी वर पाहिलं. ठिपक्याकडं, चुंगडीकडं, परत ठिपक्याकडं. मिल थांबताच त्यांनी विचारलं,

"हे काय होतं?"

"हे? हे त गावची भरडाई."

"याचं काय घेता?"

"काई नाई. कोंडा राहते आपल्याकडं."

"भाऊ, हे साहेबांना का नाही सांगितलं?"

"त्यानं पैसे इचारले. पैसे मी घेतच नाई. मंग सांगाचं काय?"

दामिनीताई हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. "आणि कोंड्याचं काय करता?"

"इकतो. तेलवाले नेतात."

"ते वहीत आहे?"

खुशालभाऊंनी नकाराची मान हलवली. गीताबाईंनी चुंगडी उचलली आणि हळूच काढता पाय घेतला.

त्यानंतर जे भांडण झालं ते हलरवरूनही ऐकू गेलं असतं. दामिनीताईंचं म्हणणं एकच, अपिलात सगळं सांगायचं. गावची भरडाई सांगायची, कोंडा घेतो हे सांगायचं, तो विकून जे आलं त्यावरचा कर स्वतःहून भरायचा. खुशालभाऊ खवळले. "म्हंजे बापाच्या पुण्याईले धंदा म्हनू? आन त्याचा टॅक्स बी भरू?"

"हो. तांदूळ चोरला नाही हे मी छातीठोक सांगेन. पण कोंडा लपवायचा असेल तर दुसरा वकील बघा. अर्धं खरं सांगायला मी उभी राहणार नाही. एकदा तुम्ही अर्धंच सांगितलं, त्याचे हे भोग आहेत."

मला वाटलं संपलं सगळं. खुशालभाऊ ताडकन उठून बाहेर गेले. सुमनबाई तिथंच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमी लिहा. मी सांगतो त्याईले." रात्रभर त्यांचं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. सकाळी खुशालभाऊंनी दामिनीताईंना फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाले, "लिहा."

आता पुरावा पाहिजे होता. बाईंनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, बायकांची प्रतिज्ञापत्रं. दुसरी, माझी परीक्षा. नागपूरहून एक प्रमाणित इंजिनिअर येणार, त्याच्यासमोर आधी व्यापाराचा माल भरडायचा, मग गावच्या चुंगड्या, एकेक करून, रोजच्यासारख्या. कशाला किती वीज लागते ते लिहून घ्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूनं कोणीतरी बोलत होतं!

पण गावात भलतीच हवा झाली. भुपेंद्रनं चहाच्या टपरीवर पिल्लू सोडून दिलं, की जी बाई सही करेल तिच्या घरी साहेब येईल, रेशनकार्ड जाईल. झालं. दोन आठवडे मिलकडं एक चुंगडी फिरकली नाही. रस्त्यानं जाताना बायका दुसरीकडं पाहायच्या. खुशालभाऊ कोणाला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलावायलाही गेले नाहीत. "त्याईले कायले लफड्यात पाडू?" एवढंच.

परीक्षेचा दिवस उजाडला. इंजिनिअर आले, त्यांनी माझं सील तपासलं, आकडा घेतला. व्यापाराचा माल भरडून झाला. मोटर एका लयीत चालली, मीही आरामात चाललो. मग गावच्या धानाची वेळ आली, आणि कोणी नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. इंजिनिअर घड्याळ पाहू लागले. दामिनीताई दाराशी उभ्या. खुशालभाऊ मान खाली घालून बसलेले. माझा ठिपका शांत. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. चार बायका आल्या नाहीत तर माझ्या आकड्यांचा अर्थ जन्मभर चोरी असाच राहणार होता.

गीताबाईंचा आवाज आधी आला, मग त्या. काखेत चुंगडी. दारातच थांबून म्हणाल्या, "आधीच सांगून ठेवतो, मी सही गिही करत नाई. पन घरी तांदूराचा दाना नाई, उद्या लेक येऊन राहिली. भरडून देशील का नाई?"

खुशालभाऊ उठले. "आन इकडं."

त्यांच्यामागं अजून तिघी होत्या, मग पाच. कोणाच्याही मनात खुशालला वाचवायचं नव्हतं, हे मी स्पष्ट सांगतो. दोन आठवडे घाबरून घरी बसल्या आणि मडकी रिकामी झाली, एवढंच. दामिनीताईंना तेवढं पुरे होतं.

पहिली चुंगडी. मोटर उठली, मी धापा टाकू लागलो. थांबली. पिशवी बदलली. पुन्हा उठली. तिसऱ्या चुंगडीला लाईन गेली! सगळे जागच्या जागी. आता पुन्हा पहिल्यापासून करायचं झालं तर या बायका थांबणार आहेत थोड्याच! माझ्या पाटीवर अंधार, इंजिनिअर कपाळ पुसताहेत, गीताबाई लाइनमनच्या सात पिढ्या काढताहेत. अर्ध्या तासानं लाईन आली. इंजिनिअरनी आकडा पाहिला. तो होता तिथंच होता. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी त्यांनी बेरीज केली आणि चष्मा वर सरकवला. मणामागं पाहिलं तर गावच्या चुंगड्यांना व्यापाराच्या मालाच्या तिपटीहून जास्त वीज लागली होती.

जाता जाता गीताबाई दामिनीताईंपुढं उभ्या राहिल्या. "त्या कागदावर काय लिवलं हाय ते वाच मले."

ताईंनी वाचलं. माझ्या शेतातला धान, माझ्या घरी खायला, या मिलवर भरडून घेते. पैसे देत नाही, कोंडा सोडते. बस.

"रेशनचं?"

"रेशनचा यात शब्द नाही. रेशन ऑफिसच्या वतीनं मी वचन देऊ शकत नाही, मावशी. पण घरी खाण्यापुरता धान पिकवणं हा गुन्हा नाही, आणि कोणी त्रास दिला तर माझ्याकडं या. फी नाही घेणार."

गीताबाईंनी थोडा वेळ विचार केला. "खोटं वचन नाई देल्लीस, हे बरं केलीस," म्हणाल्या आणि पेन मागितला. त्या दिवशी पाच जणींनी सह्या केल्या. बाकीच्या आपापले तांदूळ घेऊन गेल्या, त्यांनाही मी दोष देत नाही.

सुनावणी लॅपटॉपवर झाली. काही दाखवायची वेळ आली तर मिल आणि मीटर जवळ असावेत म्हणून दामिनीताई मिलमध्येच बसल्या, माझ्याखाली. आधी त्यांनी खुशालभाऊंना बजावलं होतं, "विचारतील तेवढंच सांगा. चिडू नका. पण विचारलेलं अर्धं ठेवू नका."

पडद्यावरच्या अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अचानक म्हणाले, "मेश्राम, तेव्हा तुम्ही म्हणालात बाहेरचं काम होत नाही. आता म्हणता होतं. यातलं खोटं कोणतं?"

खुशालभाऊंच्या कपाळाची शीर तटतटली. सुमनबाईंनी पदर मुठीत धरला. मी म्हटलं, गेलं आता.

"साहेब," ते म्हणाले, आणि आवाज चक्क खाली होता, "मले पैसे इचारले, मी पैशाचं सांगतलो. भरडाईचं सांगाले पायजे होतं, ते सांगतलो नाई. ते माहं चुकलं. पन तांदूर इकला नाई. लोकाईनं खाल्ला."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग कोंड्याबद्दल विचारलं, आणि दामिनीताईंनी भरलेल्या कराची पावती दाखवली. "निकाल कळवू," एवढं बोलून पडदा बंद झाला.

निकालाची वाट पाहण्यात भाताचा एक हंगाम गेला. सुमनबाईंच्या फोनवर टुंग वाजलं की खुशालभाऊ दचकायचे. शेवटी दामिनीताईच स्वतः आल्या. दारातूनच ओरडल्या, "तांदळाची सगळी आकारणी रद्द!" कोंड्यावरचा कर तेवढा राहिला, तो भरून झालाच होता. खात्याला अजून वरच्या अपिलात जाता येतं, हेही त्यांनी सांगून टाकलं. लपवायची सवयच नाही या बाईला.

खुशालभाऊंनी गमछा तोंडाला लावला आणि खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. मलाही भरून आलं.

पण जिंकल्यावर एक गोष्ट गेली, ती सांगायलाच हवी. दामिनीताईंनी बजावलं होतं, यापुढं गावची भरडाई पावतीवर करायची. किती धान, कोणाचा, कोंडा किती ठेवला आणि त्याचे भरडाईपोटी किती धरले, सगळं लिहायचं. पहिल्या दिवशी गीताबाई आल्या तेव्हा खुशालभाऊ पावतीपुस्तक उघडून बसून राहिले. बापाच्या नियमाला रक्कम लावायला त्यांचं मन घेईना. शेवटी गीताबाईंनीच हात पुढं केला. "दे गा पावती. माहं नाव नीट लिव."

आणि आता हे बघा, वीज कंपनीची माणसं आली आहेत. गावात नवे मीटर लागून कधीचे झाले. निकाल लागेपर्यंत हा पुरावा हलवू नका, असं दामिनीताईंनी लिहून दिलं होतं, म्हणून मी उरलो. आता उरायचं कारण राहिलं नाही. लाइनमननं पेटीचं झाकण उघडलं आहे. पण आत एकीची चुंगडी अर्धीच भरडून झाली आहे, आणि खुशालभाऊ त्याच्या अंगावर ओरडताहेत, "थांब ना गा! तिचा तांदूर होऊ दे."

तो थांबला आहे, तेवढ्यात माझं एवढं ऐका. तुमच्याकडंही कधी कोणी साहेब येईल, सभ्यपणे विचारेल, आणि तुम्हाला घाईत सही करावीशी वाटेल. करू नका. आधी वाचा. कळलं नाही तर कोणा जाणत्या वकिलाकडं जा, आणि त्याला तेही सांगा जे तुम्हाला सांगण्यासारखं वाटत नाही. माझ्यासारख्या मुक्या मीटरला साक्षीला उभं करू नका, मला फक्त आकडा बोलता येतो.

मोटर थांबली. तिची पिशवी भरली. खुशालभाऊ माझ्यापुढं आले आहेत, मूठ उघडी आहे, आणि ते गमछ्यानं माझी काच पुसताहेत.